चौथं कुलूप

१

पेटी रिकामी आहे हे कळलं, त्या दिवशी मी बऱ्याच आठवड्यांनी दाढी केली होती. बायको गेल्यापासून मी आरशासमोर उभा राहत नव्हतो. आमच्या आरशात मागचं दार दिसतं आणि त्या दारातून ती आत येताना दिसायची डोळ्यांना सवय आहे. पण त्या दिवशी चार माणसांत बसायचं होतं.

पेटी माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे आप्पा म्हणत. कुलपं बनवण्यात त्यांचा जन्म गेला. खाली कारखाना, वर घर. कारखान्याच्या भिंतीवर तारेत ओवलेल्या जुन्या किल्ल्या आहेत, दार उघडलं की वाऱ्याने सगळ्या मिळून किणकिणतात. चारही मुलांच्या हातात त्यांनी कानस दिली. मुलगा-मुलगी हा भेद त्यांनी कानशीच्या बाबतीत कधी केला नाही. बाकी सगळ्या बाबतीत केला.

शिकताना प्रत्येकाने आपलं पहिलं कुलूप बनवलं होतं. ती चार कुलपं आप्पांनी या लोखंडी पेटीला लावली. थकले तेव्हा चौघांना बोलावून त्यांनी मृत्युपत्राचं पाकीट सगळ्यांसमोर पेटीत ठेवलं, ज्याला त्याला आपापलं कुलूप लावायला सांगितलं आणि म्हणाले, "मी गेल्यावर चौघांनी मिळून उघडा. एक जरी नसला तरी हात लावू नका."

आप्पा गेले. पाठोपाठ बायकोचं आजारपण निघालं आणि पेटी उघडणं पुढे पुढे जात राहिलं. मग तीही गेली, आणि चौथी किल्ली माझ्याकडे आली.

त्या दिवशी सगळे कारखान्यात जमलो. साक्षीला आप्पांची बहीण होती, म्हणजे सगळ्यांची आत्या. थोरल्या मेहुण्याने, दादाने, आपलं कुलूप उघडलं आणि हात रुमालाला पुसले. धाकट्या मेहुण्याचं पोट सुटलंय तरी त्याला छोटूच म्हणतात. त्याने दुसरं उघडलं. शेंडेफळ म्हणजे चिमी. तिने लग्न केलं नाही, आप्पांच्या मागे कारखाना तीच चालवते. तिने तिसरं उघडलं.

चौथं माझ्या बायकोचं, या भावंडांच्या ताईचं. त्या कुलपाला खोड होती, आतला खटका अडायचा. ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यावरची युक्ती तिने आजारपणात उशाशी बसवून फक्त मला सांगितली होती. "किल्ली आत गेली की नखभर वर उचला आणि मग फिरवा. नाहीतर ते हट्टाला पेटतं. दुसऱ्या कोणाला सांगू नका हं, हसतील. पहिलंच कुलूप आणि तेही चुकलेलं."

मी किल्ली घातली. वर उचलणार, तेवढ्यात ती फिरली. न अडता, न कुरकुरता, पाण्यातून हात फिरवावा तशी. माझ्या हाताखाली दुसरा हात आहे असं मला वाटलं. मी मागे वळूनसुद्धा पाहिलं. मागे फक्त तारेवरच्या किल्ल्या हलत होत्या.

दादाने झाकण उचललं. आत काही नव्हतं. पाकीट नाही, चिटोरं नाही, पेटीचा काळा तळ तेवढा होता.

दादा पेटीकडेच बघत म्हणाला, "चौथी किल्ली कोणाकडे होती?"

२

मी रंगारी. या कारखान्याच्या दारांना रंग द्यायला आलो होतो आणि थोरल्या मुलीला घेऊन गेलो, असं आप्पा लोकांना सांगायचे. वास्तविक ती आपल्या पायांनी आली होती. त्यानंतर आप्पांनी तिला घरात यायला बंदी केली नाही, पण ये असंही कधी म्हटलं नाही. पेटीला कुलूप लावायला मात्र बोलावलं. तेव्हापासून ती ती किल्ली गळ्यात घालायची. पितळेची किल्ली अंगाला घासून घासून पिवळीधमक झाली होती.

शेवटी आमच्या खोलीचे जिने तिला चढवेनात, म्हणून चिमीने तिला इकडे आणलं. आप्पांच्याच खोलीत ती गेली. जाण्याआधी मला म्हणाली, "मला हिस्साबिस्सा नकोय हो. आप्पांनी मला चौघांत धरलंय का, तेवढं बघून या."

बघून या म्हणाली, जशी काही ती घरी माझी वाट बघत बसणार होती. आमची मुलगी परगावी नोकरीला आहे, तीही फोनवर हेच विचारायची. "बाबा, आजोबांनी आईला धरलं होतं का?" मी म्हणायचो, पेटी उघडली की सांगतो. आता पेटी उघडली होती आणि सांगायला काही नव्हतं.

"आप्पा मला स्वतः म्हणाले होते," दादा म्हणाला, "घर थोरल्याचं. कागद नाहीसा झाला की चार हिस्से होतात. मग फायदा कोणाचा, ते ज्याने त्याने बघावं."

"म्हणजे भावोजींनी कागद चोरला?" छोटू म्हणाला. "अरे, ते माझ्या घरी रंग द्यायला आले तेव्हा उरलेला अर्धा डबा परत आणून दिला त्यांनी."

"डबा वेगळा, घर वेगळं. पोलिसांत देऊ या."

"दे की," आत्या म्हणाली. "आधी तुझ्याकडे येतील. तीन कुलपं त्याने कशी उघडली म्हणून विचारतील."

आत्या उठली आणि आप्पांच्या लाकडी खुर्चीत जाऊन बसली. त्या खुर्चीत दुसरं कोणी बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"माझ्या भावाने माझी सही घेतली होती, हिस्सा सोडल्याची," ती म्हणाली. "इथेच. ही खुर्ची रिकामी होती, पण बस म्हणून कोणी म्हणालं नाही. उभ्यानेच केली सही. आता मी बसते, आणि तुम्ही एकेक जण आत येऊन उभ्याने बोला. जावईबापू, तुम्ही थांबा. घेतला असलात तर तोंडावर दिसेल, नसलात तर ऐकून ठेवा."

३

दादाचं मोठं दुकान आहे. कारखान्यात बनलेली, खोक्यात बंद कुलपं तो विकतो. त्याने कानस सोडून जमाना झाला.

"तुझी किल्ली कुठे असते?" आत्याने विचारलं.

"बँकेच्या लॉकरमध्ये."

"आप्पांनी दिलेली तीच?"

"ती वाकली होती. चिमीने दुसरी करून दिली. त्यात काय?"

"काही नाही. तुझ्या दुकानात कुलूप बिघडून परत आलं तर काय करतोस?"

"टाकून देतो आणि नवं देतो. दुरुस्तीला वेळ कोणाला आहे, आत्या? लोकांनाही नवंच हवं असतं."

"माणसांचंही तसंच करतोस का रे? ताई इथे पडून होती तेव्हा किती वेळा आलास?"

दादाने हातातल्या रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला त्याची दया आली, आणि आपल्याला दया आली याचा रागही आला.

छोटूचं गॅरेज आहे. तो आला तोच हात पुसत, जरी त्या दिवशी त्याने कामाला हात लावला नव्हता.

"माझी किल्ली मी दोनदा हरवली," तो म्हणाला. "दोन्ही वेळा चिमीने करून दिली आणि दोन्ही वेळा शिव्या दिल्या. आता बायकोकडे ठेवलीय. ती काही हरवत नाही. माझ्या चुकासुद्धा तिला सगळ्या सापडतात."

"कुलूप अडलं तर तू काय करतोस?"

"तेल घालतो. आत्या, जगात तेलाने सुटत नाही असं काही नाही, बायकोचा राग सोडला तर."

"कागद सापडावा असं तुला वाटतं का?"

छोटूने दाराबाहेर पाहिलं. "खरं सांगू? मला हे घर विकून मोकळं व्हायचंय. इथे आलं की मला आप्पांची चाहूल लागते. मागे उभे राहून माझ्या हाताकडे बघतायत असं वाटतं. कागद सापडो नाहीतर न सापडो, मला पुन्हा इथे यायला लावू नका."

तो गेल्यावर आत्याने माझ्याकडे पाहिलं. "दोघांच्याही किल्ल्या चिमीच्या हातून गेल्यात. ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण हिची किल्ली तिने कधी केली नाही. ती हिच्या गळ्यातून कधी निघालीच नाही."

"शेवटी कोणी काढली?"

ती मी नव्हती काढली.

४

ती गेली त्या सकाळी तिला चिमीने तयार केलं. अंग पुसलं, केस विंचरले, तिची करडी शाल गुंडाळली. मी पुढच्या खोलीत होतो, उशीर होतोय म्हणून एकदा हाकही मारली. माणसं जमत होती. चिमीने मला आत बोलावलं, तेव्हा बायकोचे दोन्ही हात शालीत होते. मला एकदा हात धरायचा होता. चिमी म्हणाली, "भावोजी, हात नका बाहेर काढू आता. शाल नीट बसलीय, सुटेल." मी शालीवरूनच थोपटलं. मग आम्ही तिला घेऊन गेलो.

संध्याकाळी चिमीने रुमालात बांधून तिच्या वस्तू दिल्या. चष्मा, कानातलं, किल्ली. घरी येऊन मी किल्ली मुठीत धरून बसलो. मूठ उघडली तर अंगठा राखाडी झाला होता. तिच्या अंगावरची किल्ली, तिला कसली राख लागणार? मी अंगठा धुतला नाही. वेडेपणा, पण नाही धुतला.

हे सगळं मी आत्याला सांगितलं. आणि मग जे कोणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं.

"आम्ही तिला पोचवून आलो ना, तेव्हा मी वर गेलो नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो होतो. कारखान्याचं दार बंद होतं. आतून कानशीचा आवाज येत होता."

"कसा?"

"तिचाच. दोन आखूड, एक लांब. मग थोडं थांबायचं. लग्नाआधी मी बाहेर दारं रंगवायचो आणि ती आत काम करायची, तेव्हा मी त्याच आवाजावर ब्रश मारायचो. तो आवाज मी विसरेन का? आणि आता कुलूप असं उघडलं, जसं तिने आतून..." मी तिच्या कुलपाकडे बोट दाखवलं. "आत्या, मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण ती इथेच आहे असं मला वाटतं. तिला काहीतरी सांगायचंय."

आत्या हसली नाही. तिने तारेवरच्या किल्ल्यांकडे पाहिलं.

"कानस धरायला तुमच्या बायकोला कोणी शिकवलं?"

"आप्पांनी."

"आणि चिमीला?"

चिमी शिकायच्या वयाची झाली तोवर आप्पांच्या डोळ्यांना बारीक काम दिसेनासं झालं होतं. तिला शिकवलं ते माझ्या बायकोने. याच बाकावर, मागे उभं राहून, तिच्या हातांवर हात ठेवून.

५

चिमी आत आली ती थेट बाकापाशी जाऊन बसली. शिकंज्यात एक किल्ली अडकवून तिचे दात कानशीने घासू लागली. दोन आखूड, एक लांब. मी तो आवाज तिथे उभा राहून ऐकला, डोळे उघडे ठेवून. माझ्या अंगावर काटा आला तो आलाच.

"चिमे, तुझं काय मत?" आत्याने विचारलं.

"माझं मत विचारताय म्हणजे प्रकरण फारच हाताबाहेर गेलेलं दिसतंय."

"कागदात काय असेल असं वाटतं तुला?"

"या घरात मी चहा विचारायला असते, आत्या. कागदात काय असतं ते मला कोण सांगणार?" तिने वर पाहिलं नाही.

आत्याने माझ्या बायकोचं कुलूप बाकावर ठेवलं. "हे उघड."

"उघडंच आहे की."

"आतून. पाठ काढ."

चिमीची कानस थांबली. कुलपाची पाठ चार बारक्या खिळ्यांनी बसवलेली असते, ते ठोकून काढणं तिला चहा ढवळण्याइतकं सोपं. पण तिने छिन्नी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. पत्रा निघाला. मी वाकून पाहिलं. आत सगळं जुनं, तपकिरी, कळकट. आणि त्यात खटक्याच्या कडेला एक जागा लख्ख. ताज्या कानशीची. तिच्यावर राखाडी पूड भुरभुरलेली होती. मी बोट लावलं. माझ्या अंगठ्यावर उमटला होता तोच रंग.

"शिसपेन्सिलीची पूड, तेलाऐवजी घालतात ती," आत्या म्हणाली. "तेलाने धूळ धरते, कुलपात तेल घालू नका, असं माझे वडील ओरडायचे. नंतर आप्पाही ओरडायचा. मला कोणी शिकवलं नाही, पण ओरडणं दारातूनसुद्धा ऐकू येतं."

चिमीने पत्रा उलटा करून बाकावर ठेवला.

"जावईबापू म्हणतात की त्यांच्या बायकोचा हात फिरला," आत्या पुढे म्हणाली. "मी म्हटलं, असेलही. पण मेलेल्या माणसाला कानस लागत नाही. कोणीतरी जिवंत माणसाने पेटी उघडली, कागद घेतला, आणि जाता जाता अडणारं कुलूप दुरुस्त करून ठेवलं. असा चोर कुठे बघितलाय का? दादा असता तर त्याने ते तसंच टाकलं असतं. छोटूने त्यात तेल ओतलं असतं. जावईबापूंना पाठ कुठून निघते तेही माहीत नाही. शिवाय त्यांना युक्ती ठाऊक होती, त्यांना दुरुस्तीची गरजच नव्हती. वाईट कुलूप हातातून तसंच जाऊ द्यायचं नाही, ही खोड या घरात आता एकाच हाताला आहे."

तारेवरच्या किल्ल्या किणकिणल्या. दार तर बंद होतं. छोटू म्हणतो तसं मलाही वाटलं, की मागे कोणीतरी उभं राहून चिमीच्या हातांकडे बघतंय.

"बंदच होईना ते," चिमी म्हणाली.

६

तिने कानस खाली ठेवली आणि हात मांडीत घेतले.

"ताईच्या गळ्यातली किल्ली काढली तेव्हा मनात काही नव्हतं. खरंच नव्हतं, भावोजी. मग तुम्ही सगळे पुढच्या खोलीत होतात. दादा कोणाला तरी सांगत होता, आता पेटी उघडायला हरकत नाही, घर माझ्याच नावावर आहे. मला वाटलं, म्हणजे मी कुठे जाणार? इतकी वर्षं मी इथे आहे. एकदा बघावं. दोघांच्या किल्ल्यांचे नमुने माझ्याकडे होते. ताईचं कुलूप कसंबसं उघडलं."

"आणि वाचलंस," आत्या म्हणाली.

"वाचलं. लहानसंच होतं. आप्पांचं अक्षर." ती माझ्याकडे वळली. "घर आणि कारखाना ताईला, भावोजी. सगळं. लिहिलं होतं की थोरल्या मुलीला मी घरातून जाऊ दिलं, ते चुकलं, हिच्या हातात माझ्यापेक्षा चांगली कला होती. दादाला दुकान आणि छोटूला गॅरेज काढून दिलं आहे, त्यांनी तक्रार करू नये."

मी बाकाची कड धरली. धरलं होतं. चौघांत काय, सगळ्यांच्या आधी धरलं होतं. आणि हे कळायला काही तासांचा उशीर झाला होता.

"तुझ्याबद्दल?" आत्याने विचारलं.

चिमी हसली. तसलं हसू मी पुन्हा बघू इच्छित नाही. "होतं ना. शेवटी. 'धाकटी आहेच.' एवढंच. आत्या, मी त्यांना भरवलं, धुतलं, त्यांच्या नावाने कारखाना चालवला. धाकटी आहेच. भिंत आहेच, पंखा आहेच, तशी."

आत्याने डोळे मिटले. तिलाही असलंच काहीतरी आठवलं असावं.

"मग काय केलंस कागदाचं? जाळलास?"

"जाळणार कशी? आप्पांचं अक्षर होतं ते." तिने उघड्या कुलपाकडे पाहिलं. "मला इतका राग आला होता, की तो कागद कोणाला दिसूच नये असं वाटलं. आणि तो ताईचा होता. ती रोज विचारायची, चिमे, आप्पांनी मला धरलं असेल का गं. तो मी ताईलाच दिला. शालीत, उजव्या हातात. मूठ मिटवली वरून."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मी त्या शालीवरून थोपटलं होतं. तळहाताखाली काहीतरी कडक लागलं होतं, आता आठवलं. मला वाटलं होतं हाडं असतील, इतकी ती वाळली होती. ती आपलं उत्तर मुठीत घेऊन गेली आणि ते मीच तिला पोचवून आलो.

"पेटी बंद करताना ताईचं कुलूप अडलं," चिमी म्हणाली. "जोर केला, नाही झालं. तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत. किल्ली तशीच सोडून वर आले. तुम्ही परत यायच्या थोडं आधी खाली येऊन पाठ काढली, कानस मारली. ताईचं पहिलं कुलूप. ताई गेल्यावर तरी ते नीट चालावं असंही वाटलं. सगळे हसायचे ना तिला." तिने नाक पुसलं. "परत ठेवायला कागदच नव्हता तोवर. तुम्ही चोर ठरताय हे मला आजच कळलं. तुम्ही सांगाल तर मी दादाला सांगते. आत्ता सांगते."

ती उठून उभी राहिली.

"दादाला कळलं तर तो तुला या घरात ठेवेल का?" मी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. ते मलाही माहीत होतं.

७

आत्याने दुसऱ्या दिवशी दोघा भावांना बोलावून सांगितलं, "कागद मिळणार नाही. चार सारखे हिस्से करा. ताईचा तिच्या माणसांना."

"घेतला कोणी?" दादाने विचारलं.

"ज्याचा होता त्याने."

आत्याला वाटलं ती मोघम बोलली. ताईनेच घेतला, असा दादाने आपला अर्थ काढला. कोर्टकचेरी नको, वाटणीला उशीर नको, म्हणून छोटूच्या आग्रहाने तो चार हिश्श्यांना तयार झाला, पण वाटणीच्या कागदात त्याने एक ओळ घालून घेतली. मयत बहिणीच्या किल्लीने पेटी उघडली गेल्यामुळे मूळ मृत्युपत्र गहाळ झाले आहे. दादा म्हणतो, यात खोटं काय? खोटं काहीच नाही. किल्ली तिचीच होती.

सह्यांच्या दिवशी आम्ही पुन्हा कारखान्यात जमलो. दादाने सही केली, छोटूने केली. चिमी पुढे झाली आणि बाकावर वाकून पेन उचललं. आत्या आप्पांच्या खुर्चीतून उठली.

"बसून कर," ती म्हणाली.

चिमीने खुर्चीकडे पाहिलं. मग बसली. ती ओळ तिने वाचली की नाही मला सांगता येणार नाही. सही करून ती लगेच उठली नाही, थोडा वेळ हातात हात धरून तिथेच बसून राहिली.

माझ्या मुलीला मी फोनवर सांगितलं, की आजोबांनी आईला धरलं होतं, सगळ्यांत आधी. कसं कळलं म्हणून तिने विचारलं. आत्या म्हणाली, एवढंच मी सांगितलं.

वाटणीचा कागद आता माझ्या टेबलावर आहे. ती ओळ काढायची तर दादाला कारण द्यावं लागेल, आणि कारण एकच आहे, ते बाकावर बसून कुलपं दुरुस्त करतं. ओळ ठेवायची तर पेटी फोडल्याचा ठपका माझ्या बायकोवर राहील. ती असती तर काय म्हणाली असती मला ठाऊक आहे. करा की सही, माझं काय जातंय आता. संध्याकाळी आरशासमोर उभा राहिलो की मागच्या दारातून ती तेच म्हणते. पण तिचं जातंय, असं मला वाटतं. तिचं पहिलंच कुलूप होतं ते, आणि ते चुकलेलं होतं, कोणाला सहज उघडत नव्हतं, म्हणूनच आप्पांचा कागद इतके दिवस पेटीत टिकला.

तीन सह्या झाल्या आहेत. चौथी माझी. ती अजून केलेली नाही.